आरसा आणि ताट
प्रसारमाध्यमांतील सौंदर्यकल्पना आणि आपली मुले



या व्याख्यानासाठी आपण मला पाचारण केलेत, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले जाते, त्यांच्या पिढीने बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या परिसरातील खेड्यापाड्यांतून मुले गोळा करून शाळा चालविल्या. वर्गातले कोणते मूल सकाळी काय खाऊन आले आहे, हे त्या पिढीच्या शिक्षकाला त्याच्या चेहऱ्यावरून कळत असे. उपाशी पोटी आलेल्या मुलाच्या डोक्यात गणित शिरत नाही, हे त्यांना शिक्षणशास्त्राच्या ग्रंथातून शिकावे लागले नाही. आज शाळेत मध्यान्ह भोजन मिळते. पूर्वीच्या मानाने बहुतेक घरांत दोन्ही वेळा चूल पेटते. आणि तरीही आपल्यातली काही मुले उपाशी राहतात. घरात अन्न असताना, आईने वाढले असताना, ती स्वतःहून उपाशी राहतात. त्या उपासाविषयी आज मी बोलणार आहे.

साहित्याच्या प्राध्यापकाने हा विषय का घ्यावा, असा प्रश्न कोणाच्या मनात येईल. तो तर डॉक्टरांचा विषय. परंतु या दुखण्याच्या मुळाशी एक कल्पना आहे, सुंदर कोणाला म्हणावे ही, आणि सौंदर्याची चर्चा हे तर साहित्यशास्त्राचे जुने काम. शिवाय कल्पना शब्दांतून घरात शिरतात. म्हणून मी शब्दांपासूनच आरंभ करतो.

‘लावण्य’ हा शब्द घ्या. तो ‘लवण’ या शब्दापासून आला. लवण म्हणजे मीठ. रूपाची परमावधी सांगण्यासाठी आपल्या पूर्वजांनी जो शब्द निवडला, तो स्वयंपाकघरातला आहे. मीठ पदार्थात वेगळे दाखवता येत नाही, पण ते नसेल तर पदार्थ फिका पडतो. नवव्या शतकात काश्मीरमध्ये होऊन गेलेल्या आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोक’ या ग्रंथात काव्यातील ध्वनीची तुलना स्त्रीच्या लावण्याशी केली आहे. त्याचे म्हणणे असे की, लावण्य अवयवांच्या आश्रयाने प्रकट होते खरे, पण ते अवयवांहून निराळे असते. म्हणजे नाक, डोळे, कंबर यांची बेरीज करून लावण्य हाती लागत नाही.

आता दुसरा शब्द घ्या. ‘फिगर’. हा इंग्रजी शब्द आपल्या घराघरांत रूढ झाला आहे. त्याचे दोन अर्थ आहेत. एक आकृती आणि दुसरा आकडा. आपल्याकडे तो आकृतीच्या अर्थाने आला आणि हळूहळू आकड्याच्या अर्थाने राहू लागला. इतक्या इंच कंबर, इतके किलो वजन. २००८ साली ‘टशन’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्यातील नायिकेच्या निमित्ताने ‘झिरो फिगर’ हा शब्दप्रयोग वर्तमानपत्रांतून खेड्यापर्यंत पोचला. शून्य हा आकडा शरीराचा आदर्श व्हावा, यातच सारे आले.

आपल्या बोलीत देहाविषयी किती शब्द होते ते आठवून पाहा. सडसडीत, शेलाटी, ठेंगणीठुसकी, भरल्या अंगाची, खात्यापित्या घरची, अंगापिंडाने मजबूत, बाळसेदार. रंगाच्या बाबतीत गव्हाळ, निमगोरी, सावळी, काळीसावळी. या शब्दांत कौतुक होते, थट्टा होती, क्वचित बोचही होती. पण त्यांत अनेक प्रकारच्या माणसांना जागा होती. ‘खात्यापित्या घरची’ ही तर प्रशस्ती होती. आज हेच शब्द एखाद्या मुलीसमोर उच्चारा; ती त्या दिवशी जेवणार नाही.

परंपरेची भलामण करण्याचा माझा हेतू नाही. आमच्या वारकरी संतांचे दैवत सावळे, आणि चोखोबांचा उसाचा दृष्टांत तर या ऊसकरी मुलखात लहान मुलांनाही ठाऊक आहे. पण सावळ्या विठ्ठलाच्या पायांवर डोके ठेवून घरी आलेला बाप मुलासाठी स्थळ पाहताना गोरीच मुलगी शोधत असे, हेही तितकेच खरे. वर्तमानपत्रांच्या ‘वधू पाहिजे’ या स्तंभांत ‘गोरी, सडपातळ, उंच’ ही विशेषणे छापून येत, तेव्हा दूरचित्रवाणी आपल्या गावात आलीही नव्हती. आणि ताटाविषयी बोलायचे तर बायकांची पंगत नेहमी शेवटचीच. पुरुष जेवले, मुले जेवली, की पातेल्याच्या बुडाशी उरलेले सुनेच्या वाट्याला. म्हणून मला असे वाटते की, नवी सौंदर्यकल्पना आपल्याकडे मोकळ्या जमिनीत उगवलेली नाही. जिथे मुलींनी कमी खाणे हा आधीच सद्गुण मानला जात होता, तिथे ती येऊन रुजली. पूर्वी सासू म्हणत असे, बाईच्या जातीला एवढी भूक शोभत नाही. आज तेच वाक्य आरसा म्हणतो.

प्रसारमाध्यमांनी सौंदर्याचे नमुने घालून देणे हेही आजचे नाही. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला आणि त्यांच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. नऊवारी नेसलेल्या, भरल्या दंडांच्या, गोल चेहऱ्याच्या. त्यानंतर मराठी रंगभूमीवर बालगंधर्व आले. ज्या संगीत नाटकाची परंपरा आपल्या जिल्ह्यातील गुर्लहोसूरला जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी घातली, त्या रंगभूमीवर एक पुरुष स्त्रीवेशात उभा राहिला आणि महाराष्ट्रातील कुलीन स्त्रिया त्याच्यासारखे पातळ नेसू लागल्या, त्याच्यासारखी नथ आणि गजरा घालू लागल्या. बालगंधर्व काही शेलाटे नव्हते. पुढे १९४१ साली लक्स साबणाच्या जाहिरातीत पहिली भारतीय अभिनेत्री झळकली. त्या लीला चिटणीस, जन्माने शेजारच्या धारवाडच्या. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत सौंदर्याचा आदर्श कितीदा पालटला ते पाहा. एका पिढीला जे रूप मोहवीत होते तेच दुसरीला स्थूल वाटले. जी गोष्ट इतक्या वेळा बदलते ती निसर्गाचा नियम असू शकत नाही. ती माणसांनी घडविलेली असते, आणि पुष्कळदा कोणाच्या तरी विक्रीसाठी घडविलेली असते.

त्या विक्रीचा इतिहासही थोडक्यात सांगतो. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम बाजारात आले. सावळेपणा हा दोष आहे आणि तो पैसे मोजून घालवता येतो, हा संदेश त्याने चाळीसहून अधिक वर्षे दिला. २०२० साली कंपनीने नावातला ‘फेअर’ शब्द काढला आणि ते ‘ग्लो अँड लव्हली’ झाले. १९९१-९२ पासून उपग्रह वाहिन्या आल्या. १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय या दोघींनी जागतिक सौंदर्यस्पर्धा जिंकल्या आणि गावोगावी ‘सौंदर्यवती’ निवडल्या जाऊ लागल्या. १९९६ च्या नोव्हेंबरात आपल्याच राज्यात, बंगळूरला विश्वसुंदरी स्पर्धा झाली. मोठी निदर्शने झाली. पोहण्याच्या पोशाखातील फेरी सेशेल्स बेटांवर हलवावी लागली. त्या वेळचा वाद आठवला की एक गोष्ट खटकते. कपडा किती असावा यावर सर्व बाजूंनी तावातावाने बोलले गेले. त्या झगमगाटाकडे पाहणाऱ्या शाळकरी मुलींच्या ताटात त्यानंतर किती अन्न राहील, हा प्रश्न त्या गदारोळात ऐकू आला नाही.

आणि मग आला हातातला फोन. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि दहावी-बारावीच्या मुलांच्या हाती तो स्थिरावला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतली नटी ही नटी होती. तिच्यासारखे आपण दिसावे अशी कोणाची खरी अपेक्षा नसे. फोनमधले चित्र मात्र आपल्याच वर्गातल्या मुलीचे असते. तिने ते टाकण्यापूर्वी यंत्राकडून कातडी उजळून, गाल बसवून, कंबर आवळून घेतलेली असते, हे पाहणारीला माहीत असूनही मन मानत नाही. त्या चित्राला किती जणांनी पसंती दिली याचा आकडा खाली लिहिलेला असतो. आणि हे सारे रात्री अंथरुणात, एकटीने पाहिले जाते. दूरचित्रवाणी निदान माजघरात होती. आजी काहीतरी टोमणा मारी, धाकटा भाऊ खिदळे आणि चित्राचा प्रभाव तेवढा उतरे.

चित्रांचा खरोखर एवढा परिणाम होतो काय? याचे एक उत्तर पॅसिफिक महासागरातील फिजी बेटांवरून आले आहे. तेथील मूळ समाजात भरल्या अंगाची माणसे देखणी मानली जात, आणि आल्यागेल्याला आग्रहाने जेवू घालणे हा तिथला धर्म. आपल्यासारखाच. १९९५ साली तेथील नद्रोगा प्रांतात दूरचित्रवाणी पोचली. ॲन बेकर या हार्वर्डच्या संशोधिकेने ती येताच, आणि पुन्हा तीन वर्षांनी, शाळकरी मुलींची पाहणी केली. खाण्याविषयीचे विचार धोकादायक वळणावर गेलेल्या मुलींचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले होते. वजन उतरावे म्हणून मुद्दाम उलटी करणारी मुलगी १९९५ मध्ये एकही नव्हती. १९९८ मध्ये अशा मुली ११.३ टक्के होत्या. पाहणी लहान होती, दर वेळी साठ-पासष्ट मुलींची. पण तीन वर्षे हा काळ किती थोडा! पुढे २०२१ साली इन्स्टाग्राम चालविणाऱ्या कंपनीचे अंतर्गत कागद बाहेर आले. आपल्या देहाविषयी असमाधान वाटणाऱ्या किशोरवयीन मुलींपैकी दर तिघींतील एकीचे ते असमाधान या माध्यमामुळे वाढते, असे कंपनीच्या स्वतःच्याच पाहणीत नोंदलेले होते.

तथापि सारा दोष माध्यमांच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. लंडनच्या विल्यम गल आणि पॅरिसच्या लासेग या वैद्यांनी या आजाराचे वर्णन १८७३ साली केले, तेव्हा सिनेमाही जन्मला नव्हता. आनुवंशिकता, स्वभाव, घरातील ताण, अपमान, अभ्यासाची धास्ती अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली असतात. चित्रे पाहणाऱ्या हजारांतून थोड्याच आजारी पडतात. परंतु ठिणगी सगळीकडे उडत असेल, तर कोठे वाळलेले गवत आहे याची काळजी वाहावी लागते.

या आजाराला ‘ॲनोरेक्सिया’ म्हणतात. शब्दशः अर्थ भूक नसणे. नाव थोडे फसवे आहे. भूक असते; रुग्ण तिच्याशी रात्रंदिवस झुंजत असते आणि त्या झुंजीतच तिला विजयाचा आनंद होतो. केस गळतात, हातपाय गार पडतात, पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. दुसऱ्या प्रकारात, ज्याला ‘बुलिमिया’ म्हणतात, आवर सुटून खाल्ले जाते आणि मग ओकून टाकले जाते. त्याने दातांचे कवच झिजते, रक्तातील क्षार ढळतात आणि हृदयाची लय बिघडू शकते. मनोविकारांत सर्वाधिक जीवघेण्या ठरणाऱ्या विकारांपैकी हा एक आहे. हे ‘फॅड’ नव्हे, ‘नखरे’ नव्हेत.

माझ्या माहितीतील एका मुलीची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही. हुशार मुलगी, स्पष्ट वाणीची, काव्यवाचनात बक्षिसे मिळविणारी. पदवीच्या दुसऱ्या वर्षी घरी पाहुणे मुलगी पाहायला आले. पोहे खाऊन गेले आणि निरोप पाठविला, ‘मुलगी जरा अंगानं आहे.’ एवढेच. तिने प्रथम रात्रीचे जेवण सोडले. मग भात सोडला. विचारले तर म्हणे, मैत्रिणीकडे खाल्ले. संकष्टी धरली, मग सोमवार, मग गुरुवार. घरात कौतुकच झाले, पोरगी किती देवभक्त! सहा महिन्यांनी ती परीक्षेत पेपर लिहिता लिहिता बाकावरून कोसळली. दृष्ट काढून झाली, गंडा बांधून झाला. शेवटी एका शहाण्या मामीने तिला डॉक्टरांकडे आणि तेथून मनोविकारतज्ज्ञांकडे नेले. सावरायला दोन वर्षे लागली. आज ती शिक्षिका आहे आणि तिच्या वर्गात कोणी कोणाला ‘जाडी’ म्हटलेले ती चालवून घेत नाही.

उपासाचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्या धर्मजीवनात उपासाला मान आहे, आणि त्याला एक मर्यादाही आहे. एकादशीला द्वादशीचे पारणे असते. उपास सोडायचा असतो, हे त्या विधीतच सांगितलेले आहे. ज्या उपासाला पारणे नाही, तो व्रत म्हणून मानू नये. घरातली मुलगी एकाएकी आठवड्याचे चार दिवस उपास धरू लागली, तर तिच्या भक्तीला हात जोडण्याआधी तिच्या मनगटाकडे पाहावे.

हे सारे अशा देशात घडते आहे, जिथे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते १९ वर्षांच्या ५९.१ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन पुरेसे नाही. त्याच पाहणीत १८.७ टक्के स्त्रियांचे वजन असावे त्याहून कमी आढळले आणि २४ टक्क्यांचे जास्त. या शेवटच्या आकड्याकडे मी डोळेझाक करत नाही. मधुमेह, रक्तदाब खरे आहेत आणि त्यांसाठी वजन उतरविण्याचा सल्ला डॉक्टर देतील तेव्हा तो पाळलाच पाहिजे. पण डॉक्टरांचा तराजू आणि फोनमधला तराजू हे वेगळे आहेत. पहिला तुमचे आयुष्य वाढावे म्हणून बोलतो. दुसऱ्याला तुमच्या आयुष्याशी कर्तव्य नाही.

आता मुलांकडे वळतो, कारण मागच्या बाकांवर काही मुले ‘हा मुलींचा विषय’ म्हणून निर्धास्त बसलेली दिसतात. आपला मुलूख तालमींचा. लाल मातीत जोर-बैठका मारून घडविलेले शरीर हा इथल्या तरुणांचा अभिमान. पहिलवानाचे पोट सुटलेले असले तरी त्याला कमीपणा नव्हता. त्याचा देह कुस्ती मारतो की नाही, एवढाच प्रश्न असे. वस्ताद त्याला खुराक सांगे. दूध, तूप, बदामाची थंडाई, भाकरी. २००७ साली ‘ओम शांती ओम’ आला आणि पोटावरच्या सहा वळ्यांचे वेड लागले. ते शरीर काही करण्यासाठी नसते, दाखविण्यासाठी असते. अमेरिकेत हॅरिसन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एका विकाराचे वर्णन केले, ज्यात धिप्पाड तरुणाला आपण किडकिडीत आहोत असेच वाटत राहते. या भावनेपोटी कोणी भाकरी सोडतो, कोणी डब्यातील भुकटीवर पैसे उधळतो आणि कोणी जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून स्टिरॉइडची इंजेक्शने टोचून घेतो. त्या इंजेक्शनांनी यकृत आणि हृदय बिघडते, वंध्यत्व येऊ शकते. मुलांनो, हे तुम्हाला कोणी सांगितले नसेल तर आज ऐकून ठेवा.

देहाकडे पाहण्याची दुसरी एक दृष्टी आपल्याच भागातून पुढे आली होती, तिचे स्मरण करून देतो. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रिया १९८० च्या सुमारास संघटित झाल्या आणि मजुरीसाठी, माणुसकीच्या वागणुकीसाठी लढल्या. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपट-समूहाने त्यांच्याबरोबर राहून, त्यांच्याशी बोलून १९८२ साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा लघुपट केला. कॅमेरा तोच, तो या स्त्रियांचे हात पाहतो, तंबाखूच्या धुरळ्यात चाललेले काम पाहतो, सभेत उठून बोलणारे चेहरे पाहतो. त्यात कोणाची कंबर मोजलेली नाही. माध्यम म्हणजे केवळ जाहिरात नव्हे, हे मला त्यावरून सांगायचे आहे. आपल्या शाळेने मुलांना चित्रे पाहायला बंदी करण्याऐवजी चित्रे वाचायला शिकवावे. हे चित्र कोणी काढले? कशासाठी? यात काय पुसले आहे? हे पाहून मला काय विकत घ्यावेसे वाटते? मराठीच्या तासाला आपण कवितेला जे प्रश्न विचारतो, तेच जाहिरातीलाही विचारता येतात.

कायदेही होत आहेत. गोरेपणाच्या जाहिरातींत सावळ्या व्यक्तीला दुःखी वा अयशस्वी दाखवू नये, असा नियम आपल्या जाहिरात मानक परिषदेने २०१४ साली केला. जाहिरातींतील बदललेल्या छायाचित्रांवर तसे छापण्याची सक्ती फ्रान्सने २०१७ पासून केली. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. त्यांचा गुण काळ दाखवील. पण आपल्या माजघरात कोणता कायदा येणार?

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मुलांच्या अंगावरून थट्टा करू नका, लाडानेही नको. ‘ढोली’, ‘काडी’, ‘काळुंद्री’ ही नावे घरातच पडतात आणि जन्मभर चिकटतात. आईने आरशासमोर स्वतःच्या देहाला नावे ठेवली, तर ती मुलगी ऐकत असते. दिवसातून एकदा तरी सर्वांनी एकत्र, फोन बाजूला ठेवून जेवावे, आणि त्या पंगतीत घरच्या बाईचेही ताट असावे. मुलाला सून पाहायला जाल तेव्हा दुसऱ्याच्या मुलीच्या देहावर शेरा मारून येऊ नका. शिक्षकांनी वर्गात वजनाचे आकडे मोठ्याने वाचू नयेत. आणि मूल खाण्याचे टाळते आहे, जेवण होताच न्हाणीघरात जाऊन कडी लावते आहे, सैल कपड्यांत लपते आहे असे दिसले, तर रागावण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवा. सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे; तेथे मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येते.

आपल्या या सीमाभागात भाषेवरून पुष्कळ वाद झाले. त्यात मी आज शिरत नाही. परंतु एका बाबतीत इथल्या दोन्ही भाषा एकमताने बोलतात. दारात आलेल्या माणसाला मराठी घर विचारते, ‘जेवलास का?’ आणि कन्नड घर विचारते, ‘ऊटा आतेनरी?’ माणूस कसा दिसतो हे पाहण्याआधी तो जेवला आहे का, हे विचारण्याची ही रीत आहे. परगावाहून आलेल्या मुलीला ‘किती सुटलीस ग!’ असे म्हणण्याचा नवा रिवाज पडतो आहे, त्याऐवजी ही जुनी रीत आपण टिकवावी.

विद्यार्थिनींनो आणि विद्यार्थ्यांनो, ज्या देहाची तुम्हाला लाज वाटते, त्याने तुम्हाला आज इथवर चालत आणले आहे. त्याला अजून पुष्कळ वाटचाल करायची आहे. त्याला वेळेवर जेवू घाला, मैदानावर पळवा, पुरेसे झोपू द्या. तो तुमच्याकडे यापेक्षा फार काही मागत नाही.

 कार्यक्रमानंतर माजी विद्यार्थी संघाने अल्पोपाहाराची व्यवस्था केली आहे, असे मुख्याध्यापकांनी मला सांगितले आहे. त्यातील आपला वाटा कोणी सोडू नये, एवढे सांगून, गुरुवर्यांच्या स्मृतीला पुन्हा एकदा अभिवादन करून मी आपली रजा घेतो.